आईच्या भाजीतलं मीठ

१४ डिसेंबर. माळा आवरताना जुना पाट सापडला. तो पुसताना नंदनवन वस्तीतल्या आमच्या जुन्या घराचं स्वयंपाकघर आठवलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर आई ओट्याशी उभ्यानेच जेवायची आणि मग दुपारभर पोट धरून बसायची. एकदा आत्याने तिला दंडाला धरून याच पाटावर बसवलं.

“जेवून राहिली का गिळून राहिली, वहिनी? नीट चावून खाय.”

चार घास सावकाश खाऊन आई थबकली. “काहून वं, भाजीत मीठ कमी हाय! रोज असंच राहते?”

“रोजच,” बाबा म्हणाले. आम्ही खूप हसलो.

आता हसू येत नाही. मीही ओट्याशीच जेवते आणि वर पित्ताची गोळी घेते.

१५ डिसेंबर. सकाळी पाटावर बसून पोहे खाल्ले. मीठ जास्त झालं होतं.