फाटका हातमोजा

सिडसेलला नियमाबाहेर वागलेलं खपत नसे, मग ते माणूस असो की डुक्कर. आमचा मालक वागन, त्याच्या शेडमधल्या पहिलटकरणी डुकरिणी तिच्या ताब्यात. रोज सकाळी ती त्यांच्या तोंडात तेलकट औषधाची पिचकारी मारायची. औषध थांबवलं की सगळ्या एकाच आठवड्यात माजावर येतात आणि पुढे वितातही बरोबरच. मग एकीला पिल्लं झेपली नाहीत तर शेजारणीला लावता येतात. पण एका दिवसाचाही खाडा चालत नाही. मी एकदा एकीला चुकवलं, तर बाईसाहेबांनी माझ्याशी अबोला धरला होता.

त्या सकाळी मात्र ती स्वतःच अर्ध्या रांगेत थांबली. पिचकारी गळत होती, हातमोजा अंगठ्यापाशी फाटला होता आणि तळहात तेलाने माखला होता.

"उरक की गं! कॉफी थंड होतेय," मी ओरडले.

ती नळाकडे धावली आणि साबणाने हात घासत सुटली.

"आता काय कातडं सोलतेस?"

"इंगर, मला दिवस गेलेत."

माझं हसू जिरलं. ती चाळिशी ओलांडलेली, आणि याआधी दोनदा राहिलेलं टिकलं नव्हतं. औषधाच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं, गरोदर बाईने हात लावू नये.

"मग शहाणे, पिचकारी हातात घेतलीसच कशाला?" मी भडकले. मला तिचा खरंच राग आला होता.

"सोडली असती तर सगळ्यांना कळलं असतं. आणि पुन्हा गेलं तर? तुमचे ते केविलवाणे चेहरे मला परत बघायचे नव्हते."

तेवढ्यात वागन आला. "रांग अर्धीच का?"

"करतेय ना," म्हणत सिडसेलने पिचकारीकडे हात नेला. मी तो झटकून टाकला.

"तिला दिवस गेलेत, वागन!"

सिडसेलने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. वागनने नवे हातमोजे चढवले, दुसरी पिचकारी भरली आणि उरलेली रांग स्वतः पुरी केली.

डॉक्टर फोनवर म्हणाले, औषध थोडंच लागलंय, बहुधा काही होणार नाही. त्या 'बहुधा'ने आमची झोप उडवली. सिडसेल दुसऱ्या शेडमध्ये कामाला गेली. ती जरा वेळ दिसली नाही की मी काहीतरी निमित्त काढून तिकडे डोकावायचे. विचारायची मात्र हिंमत नव्हती.

पहिलटकरणी ठरल्या आठवड्यात माजावर आल्या आणि पुढे ठरल्या आठवड्यात व्यायलाही लागल्या. मी कोपरापर्यंत बरबटलेली, एक पिल्लू पुसत होते. सिडसेल दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. माझ्या हातातलं पिल्लू निसटता निसटता राहिलं.

"काय झालं? बोल ना!"

"लाथ मारतंय."

मी धावत जाऊन हात पुढे केला, तर ती दोन पावलं मागे सरली.

"आधी हात धू," ती म्हणाली. "साबणाने."