सासूबाईंचा खुबा आणि माझं खोटं

डॉक्टरांनी एक्स-रेची ओली फिल्म खिडकीशी धरली आणि विचारलं, "कधी पडल्या?"

"काल सकाळी," मी म्हणाले.

"आणि तेव्हापासून चालत होत्या?"

चालत होत्या. नुसत्या चालत नव्हत्या, वीस माणसांचा पुरणाचा स्वयंपाक करत होत्या. हे मात्र मी बोलले नाही.

"फ्रॅक्चर नेक फीमर," डॉक्टर म्हणाले. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो खुब्याच्या खोबणीत फिरतो. गोळ्याखालचा अरुंद भाग म्हणजे नेक, मान. वय झालं की हाडं ठिसूळ होतात, त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मग साध्या घसरण्यानेही ती मान तडकते.

"कालच आणलं असतंत तर बहुधा स्क्रूंवर भागलं असतं. तेव्हा हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसलेले असणार. आता सरकलेत. गोळाच बदलावा लागेल."

सासूबाई पुढे अकरा वर्षं चालल्या, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. माझ्या जिवाचं वेगळं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या डोंबिवलीत पाणी दिवसातून एकदाच यायचं. गौरी यायच्या दिवशी पाणी भरताना त्या मोरीत घसरल्या. उठल्या, लंगडत कामाला लागल्या. जांघेत दुखतंय म्हणाल्या. "मुका मार आहे गं," म्हणून आंबेहळदीचा लेप लावला. पाय टेकता येतो म्हणजे हाड शाबूत, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. ती साफ चुकीची आहे. म्हातारं माणूस पडलं आणि जांघ दुखतेय म्हणालं, तर सण असो की लग्न, आधी एक्स-रे काढा.

आता माझं सांगते. मला वाटलं, हे लंगडणं म्हणजे नाटक आहे. दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक माझ्या गळ्यात घालायचा बेत आहे. ऑफिस, पाहुणे, पाणी, मी नुसती वैतागून गेले होते. गौरीजेवणाचा स्वयंपाक सोवळ्यात व्हायचा आणि सोवळ्यात आम्ही दोघीच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या मी म्हटलं, "आई, मला अडचण आली." पाळीबिळी काही आलेली नव्हती. धडधडीत खोटं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू बाजूला बस. मी बघते."

मी आतल्या खोलीत चटईवर मासिक वाचत पडले. ओट्यापाशी त्या वळल्या की कण्हल्याचं ऐकू यायचं. मी पान उलटायची. लाज वाटते लिहिताना.

साडेदहाला धप्पकन आवाज आला. धावत गेले. कटाचं पातेलं कलंडलेलं, त्या जमिनीवर, एक पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेर वळलेलं. मी वाकले, तर त्या कळवळून म्हणाल्या, "शिवू नकोस. नैवेद्य व्हायचाय."

आणि मी थांबले. नवरा केळीची पानं आणायला गेलेला. मी उंबऱ्यात उभी राहून समोरच्या बाईंना हाका मारत राहिले, पण हात लावला नाही.

ऑपरेशन ठाण्याला झालं. आधी दोन दिवस पायाला वजन बांधून ठेवलं होतं, त्याला ट्रॅक्शन म्हणतात. मग हेमीआर्थ्रोप्लास्टी, म्हणजे मोडका गोळा काढून धातूचा बसवणं. बाहेरच्या बाकावर नवऱ्याने मला तीनदा चहा आणून दिला. तिन्ही कप बाकावर तसेच निवले.

पुढे मी रजा काढली. भांडं देणं, अंग पुसणं, कूस बदलताना दोन पायांत उशी ठेवणं, सगळं मीच केलं. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, हे सिस्टर रोज बजावायच्या. शेजारच्या कॉटवरच्या कोपरीच्या बाईंना सासूबाई सांगायच्या, "सून कसली, लेक आहे माझी." मी लगेच धुणं घेऊन निघून जायचे.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी मला ते सोसवेना. त्यांची वेणी घालता घालता, पाठीमागूनच, म्हटलं, "आई, मला त्या दिवशी पाळी आली नव्हती. कंटाळा आला होता. तुम्ही नाटक करताय असं वाटलं."

मी वेणी पुरी केली. वाटलं, आता बोलतील, गौरीचं कडक असतं, सोवळ्यावरून खोटं बोललीस, असं काही. त्यांनी मान वळवली.

"मग मला उचललं का नाहीस?"

शिवायचं तर पाळी नाही हे सांगावं लागलं असतं, माझं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून. मी रडत होते. त्या भिंतीकडे बघत होत्या.

मग म्हणाल्या, "वॉकर आण. बाथरूमला जायचंय." मी वॉकर पुढे ठेवला. त्यांनी तो धरला नाही. माझ्या खांद्यावर हात टाकला, सगळा भार दिला, आणि म्हणाल्या, "आता तरी उचल मला."