दोनदा नको म्हणायची सवय

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मराठी घरातल्या मुलीमुळे आज मला नोकरी आहे, हे आधी सांगते. मुलगी चौदा वर्षांची, जन्म इथलाच, इंग्लंडमधल्या रीडिंग गावचा. मला मावशी म्हणते.

मी आठवीतच शाळा सोडली. नवरा इथे एका हॉटेलात स्वयंपाकी, म्हणून मी आले. वर्षभर घरात बसून काढलं. मग जवळच्या शाळेच्या किचनमध्ये मदतीला बाई हवी, अशी पाटी दिसली. फॉर्म त्या मुलीनेच भरून दिला. नवरा म्हणाला, "शाळा सोडलेली बाई परत शाळेत चालली, तीही मागच्या दाराने!"

दोन तास काम करून दाखवायचं होतं. भीतीने सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं. बटाटे सोलले, गाजरं चिरली. तिथली मुख्य बाई खूश दिसली. तिने केकचा डबा पुढे केला. मी म्हटलं, "नो, नो." तिने डब्याला झाकण लावलं. मी त्या झाकणाकडे बघतच राहिले.

मग तिने विचारलं, सोमवारपासून येशील का? तेवढं इंग्रजी मला कळलं. आनंदाने ऊर भरून आला आणि तोंडातून निघालं, "नो, नो." तेही लाजून, हसत! आमच्याकडे कुणी काही दिलं की लगेच हात पुढे करत नाहीत. समोरच्याने आग्रह करायचा, मग घ्यायचं. मी आग्रहाची वाट बघत उभी. बाईचा चेहरा पडला. तिने माझ्यासाठी दार उघडलं.

गेटपाशी ती पोरगी थांबली होती.

"मिळाला जॉब?"

"अजून एकदा विचारतील ना."

"मावशी! तू नको म्हणालीस?"

"एकदम हो कसं म्हणायचं गं? बरं दिसतं का?"

"इथे परत नाही विचारत!" तिने कपाळाला हात लावला. "मला माहितीये. पुण्याला काकूने लाडू दिला, मी लगेच घेतला, तर सगळे हसले, हावरट म्हणाले. इथे फ्रेंडच्या घरी आईने शिकवलं तसं नको म्हटलं, तर त्यांनी पिझ्झा संपवून टाकला."

"मग तू काय करतेस?"

"आधी बघते, घर कुणाचं आहे."

तिने माझा हात धरून मला परत आत नेलं आणि भराभर इंग्रजीत सगळं सांगितलं. बाई आधी गोंधळली, मग पोट धरून हसली. हाताची घडी घालून तिने पुन्हा विचारलं, येशील? पोरीने मला कोपरापाशी चिमटा काढला.

"येस," मी म्हटलं.

केकचा डबा पुन्हा उघडला. पोरीने दोन तुकडे उचलले. मी डोळे मोठे केले, तर म्हणते, "मावशी, हे इंग्लिश घर आहे."

आता मी रोज तिथे जाते. गेटपाशी अजून क्षणभर थांबते, पण जाते. पोरीला मात्र सुट्टीत पुण्याला जायचं म्हटलं की धास्ती वाटते. तिथे हसतात म्हणते. एकदा मी तिच्याबरोबर जाणार आहे. ती लाडवाला पटकन हात घालेल आणि कुणी हसलं, तर तिच्या शेजारी उभं राहून सगळ्यांना समजावून सांगेन. आणि आधी मी स्वतः एक लाडू उचलेन, नको न म्हणता.