निम्मा पाऊस

साडेआठकाकांचे खरे नाव हजेरीपटावर होते आणि तिथेच राहिले. पंपघराचे रखवालदार म्हणून ते लागले. पर्जन्यमापक सांभाळायचे काम आयतेच गळ्यात पडले आणि एकतीस वर्षे त्यांनी ते जिवापाड केले. रोज सकाळी साडेआठला कुंपणात जायचे, पत्र्याच्या नरसाळ्याखालची बाटली काढायची, साचलेले पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि मला फोन करायचा. अंगात ताप असला तरी. लेकीला बाळ झाले त्या दिवशी दवाखान्यातून धावत येऊन त्यांनी पाऊस मोजला आणि मग नातवाचे तोंड पाहिले. काकू अजून त्यावरून टोमणे मारतात.

हवामान खात्यात माझे काम उपग्रहाचा आकडा जमिनीवरच्या आकड्याशी ताडून बघायचे. उपग्रह ढग बघतो आणि पाऊस किती पडला असेल याचा अंदाज बांधतो. जमिनीवरचा माणूस पडलेले पाणी मोजतो. दोघांचे बिनसले की निवाडा माझा. मला वरून बघणाऱ्यांचा पहिल्यापासून राग आहे, मग ते साहेब असोत की उपग्रह. त्यामुळे निवाडा कुणाच्या बाजूने लागायचा हे सांगायला नको.

पाच वर्षांपूर्वी उपग्रह काकांच्या ठिकाणी दुप्पट पाऊस दाखवू लागला. काकांचे वीस, तर त्याचे चाळीस. "वरच्याला जास्त झालेली दिसते, एकाचे दोन दिसतात," हा विनोद ऑफिसात मीच सुरू केला. तेवढ्यावर न थांबता त्या ठिकाणापुरता उपग्रहाचा आकडा निम्मा करायची पद्धतही मीच पाडली. फक्त काकूंना ते पटत नसे. त्यांची एक बादली अंगणात असायची. पाऊस निम्म्यावर आला म्हणता, मग माझी बादली पूर्वीसारखी काठोकाठ कशी भरते, असे त्यांनी एकदा फोन हिसकावून मला विचारले. मागून काका हसले. मीही हसले. बादली म्हणजे काय शास्त्र आहे?

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी काकांनी चौऱ्याण्णव मिलिमीटर सांगितले. उपग्रह एकशे नव्वदच्या आसपास म्हणत होता. आकडा दीडशेच्या वर गेला की खालचा पूल बंद करायचा असा नियम. मी चौऱ्याण्णव पाठवले आणि पूल उघडा राहिला. साडेनऊला कामावर निघालेला काकांचा धाकटा भाऊ मोटारसायकलसकट वाहून गेला. तिसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीत काकांनी छातीला हात लावून चौऱ्याण्णव सांगितले. मी त्यांच्याच बाजूने बोलले. वरच्या डोंगरात ढगफुटी झाली असावी, असे ठरले. भावजयीला काकांनी तेच समजावले. निसर्गापुढे कुणाचे चालते, म्हणाले.

या वर्षी मी पाच वर्षांचे आकडे एका कागदावर मांडले. बाकीच्या ठिकाणांचे ठिपके विखुरलेले होते आणि ते तसेच असतात, कारण उपग्रह कधी जास्त सांगतो, कधी कमी. काकांचे ठिपके मात्र, चार-दोन सोडले तर, निम्म्याच्या एका रेषेत उभे. चुकणारा इतक्या शिस्तीत चुकत नाही. भांडारातली जुनी कागदपत्रे उपसली. पाच वर्षांपूर्वी काकांचे मोजपात्र फुटले होते, त्यांनी नवे मागितले होते. आम्ही पाठवलेले पात्र दुप्पट क्षेत्रफळाच्या नरसाळ्याच्या मापकाचे होते; तिथे तेवढ्याच पावसाचे पाणी दुप्पट साचते. काकांच्या मापकातले पाणी त्यात ओतले की आकडा बरोबर निम्मा येणार. पाठवणीच्या कागदावर सही माझी होती.

दुरुस्ती सोपी, आकडे दुप्पट करायचे. पण ते पात्र कोणत्या तारखेपासून वापरले, हे मोजणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यावे लागते. म्हणजे काकांना सांगणे आले. चार दिवस मी चालढकल केली. मग बसने गेले, कारण हे फोनवर सांगण्याइतकी मी कोडगी नाही.

पंपघराच्या खोलीत एकतीस वह्या खाकी कव्हरे घालून ओळीने लावलेल्या होत्या. मी नरसाळ्यावर पट्टी धरली. मोजपात्र उलटे करून बुडाशी कोरलेला नरसाळ्याच्या मापाचा आकडा दाखवला. काकांनी चष्मा लावला. पुढचे मला सांगावे लागले नाही. त्यांनी एक वही काढली, नेमके ते पान उघडले आणि चौऱ्याण्णववर बोट ठेवले.

"म्हणजे एकशे अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले.

"हो."

"वरच्याला ठाऊक होतं?"

"साधारण तेवढंच म्हणत होता."

"मग त्याचं का नाही ऐकलंत?"

"काका, तुमचं ऐकलं."

पात्र मी पाठवले होते, चूक माझी, हेही मी सांगितले. त्याचा काही उपयोग झाला नाही. पाठवले तुम्ही एकदा, डोळ्यांसमोर मी रोज धरत होतो, म्हणाले. धाकट्या भावजयीला आता काय सांगू, असे त्यांनी मला दोनदा विचारले. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. बादलीचे नाव त्यांनी काढले नाही. काढले असते तर बरे झाले असते.

काकांनी सुवाच्य अक्षरात तारीख लिहून दिली. सही करण्याआधी ती वहीशी दोनदा ताडून पाहिली.

नवे पात्र मी सोबत नेले होते, ऑफिसात तीनदा पडताळून. नरसाळ्याशी जुळवून मी ते माझ्या हाताने त्यांच्याकडे दिले. पुढच्या आठवड्यात पाऊस झाला. साडेआठला फोन आला.

"बावीस. पण तुम्ही वरचं बघून घ्या."

एकतीस वर्षांत त्यांच्या आकड्यापुढे कधी ‘पण’ आला नव्हता. उपग्रह सहा म्हणत होता. खालून सरकणारे ढग त्याच्या नजरेतून निसटतात, हे मला पक्के माहीत आहे. बावीसच खरे होते. मी बावीस लिहिले आणि मोठ्या उमेदीने त्यांना तसे सांगितले. मागे पंपाची घरघर ऐकू येत होती.

"बघा," ते म्हणाले, "परत माझंच ऐकलंत."