थोरल्याच्या टाकीतली हवा

पन्नाशी उलटली तरी बंदरावर त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला पाण्यात गेला, पण हे नाव काही गेलं नाही. दोघा भावांचं काम एकच: बोटींच्या पंख्यात अडकलेले दोर पाण्याखाली जाऊन कापायचे.

अलीकडे एका टाकीच्या हवेवर धाकट्याचं भागेना. दोन टाक्या जोडून पाठीवर घ्यायच्या, तर त्या एका मापाच्या लागतात. त्याच्या जुन्या पोलादी टाकीची जुळी वहिनीच्या पलंगाखाली होती. थोरल्याच्या पाठीवरून सोडवून आणली तशीच. वहिनी केर काढताना तेवढी जागा चुकवायची.

"न्या," ती म्हणाली, "पण उघडाल तेव्हा मी समोर हवी."

का, ते त्याला ठाऊक होतं. त्या सकाळी थोरला टाकी भरून आणायला निघाला होता. हिनंच अडवलं, "घरात एक भरलेली पडलीय कधीची! तीच न्या, लवकर या." कधीची ती, निम्मी रिती झाली असणार, नवऱ्याला हवा पुरली नाही, हे तिनं मनाशी धरलं होतं. झोपेत ती धापा टाकायची.

मागच्या खोलीत आपली टाकी शेजारी ठेवून त्यानं थोरल्याच्या टाकीचा कॉक फिरवला. फुस्स करून थांबेल म्हणून वहिनीनं डोळे मिटून घेतले. हवा सुटतच राहिली.

"अहो, कुकर उतरवा की कुणीतरी!" शेजारीण खिडकीतून ओरडली.

"एवढी होती?" वहिनी पुढे वाकली.

"तोंड लांब ठेवा, वहिनी. जवळजवळ भरलेलीच होती."

"म्हणजे हवा संपली नव्हती."

"नव्हती."

ती मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली.

कॉक काढून धाकट्यानं आत छोटा दिवा सोडला. तळाशी तांबडा गंज, ओल्या पिठासारखा. शेवटचा घोट ओढल्याशिवाय टाकी सोडायची नाही, ही थोरल्याची खोड. "समुद्राला फुकट हवा कशाला?" म्हणायचा. पार रित्या टाकीत खारं पाणी शिरतं. मग ती भरून पडून राहिली, की गंज हवेतला प्राणवायू खात बसतो. हवा तेवढीच, पण आत जीव नाही. ओढणाऱ्याला कळतसुद्धा नाही. डुलकी लागावी तसा जातो. आणि त्या सकाळच्या आधी ही टाकी महिनोन्महिने घरात भरून पडलेली.

"काय दिसतंय?"

दिवा हातात तापत चालला होता.

"काही नाही. स्वच्छ आहे. दादाचं हृदयच बंद पडलं असणार."

वहिनीनं छातीभर श्वास घेतला. डोळे पुसून उठली, टाक्या जोडायला त्यानं आणलेला पोलादी पट्टा कोपऱ्यातून उचलून त्याच्यापुढे धरला.

"मग थांबलात कशाला? जोडा. ते तुमच्या पाठीशी असले म्हणजे मलाही घोर नाही. उद्या धक्क्यावर येते मी, बघायला."

धाकट्यानं कॉक परत बसवला. वहिनीनं दोन्ही टाक्या कवेत धरून ठेवल्या, आणि तो पट्टा आवळू लागला.

"अजून घट्ट, भाऊजी," ती म्हणाली. "यांची हलतेय."