बाबांनी उकललेली बाज

लग्नाआधी मला दोनच गोष्टी धड येत होत्या: क्रोशाची लेस विणणं आणि उलट उत्तर देणं. पहिली नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेनं शिकवली, दुसरी अंगचीच होती. एवढ्या भांडवलावर मी वस्तीवर नांदायला गेले.

वस्ती म्हणजे तरी काय, नेवाशाकडून श्रीरामपूरकडे जाताना कालव्याच्या चारीलगत एकुलतं एक घर. मातीच्या भिंती, वर धाबं, पुढं अंगण, अंगणात कडुलिंब, आणि मागं यांच्या मामांनी आम्हाला कसायला दिलेला जमिनीचा तुकडा. लढाईची वर्षं होती. कापडाला कंट्रोल, रॉकेलला कंट्रोल, साखरेला कंट्रोल. सगळीकडे लोक मेटाकुटीला आले होते आणि आम्ही दोघं मात्र, खोटं कशाला बोलू, मजेत होतो.

मिळत नाही ते करून बघायचं हा आमचा खेळच झाला होता. रॉकेल नाही, तर एरंडाच्या बिया कुटून, उकळून तेल काढलं आणि पणत्या लावल्या. यांच्या सदऱ्याला गुंड्या मिळेनात, तर यांनी नारळाची करवंटी घासघासून गुंड्या केल्या. त्या इतक्या जाड झाल्या की काजातून जाईनात. मग मी काजं मोठी केली. मग गुंड्या आपल्या आपण निसटायला लागल्या, आणि चर्चमध्ये गायनाला उभं राहिलं की यांची छाती उघडी! पाळकसाहेब पुस्तकात तोंड घालून हसायचे.

माझी पहिली चूल तडकली, दुसरीनं घरभर धूर केला, आणि तिसरी अशी जमली की मी यांना औत सोडायला लावून ती दाखवायला घरी आणलं. तुराट्यांची कणगी विणून शेणामातीनं लिंपली. भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या आणि त्यांवर गेरूनं शाळेतल्या लेसची नक्षी काढली, वेल, पानं, मध्ये फुलं. वाटेनं जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. एकीनं विचारलं, "वैनी, ह्यो येल कशाचा म्हनायचा?" मला तरी कुठं ठाऊक होतं! मी म्हटलं, "विलायती आहे." पुढच्या बाजारापर्यंत विलायती वेल बघायला आणखी चारजणी येऊन गेल्या.

अंबाडीचा नाद आम्हाला लावला तो शेजारच्या वस्तीवरच्या म्हातारबाबांनी. मोठे बागाईतदार, पण आमच्या धडपडीचं त्यांना कौतुक. बी घेऊन आले आणि म्हणाले, "बाजरीच्या कडंनं लावा. पाल्याची भाजी खावा, फुलं आली की कापा, पान्यात कुजवा, वाख काडा. दोर इकत कशापाई घ्यायचा?" आम्ही अक्षर न् अक्षर पाळलं. भाजी लसणाची फोडणी देऊन महिनाभर खाल्ली. मग काड्यांच्या पेंढ्या मागच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवल्या. कुजलेल्या अंबाडीचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून समजायचा नाही. तो हाताला, केसांना, भाकरीला लागतो. रविवारी चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच ऐसपैस बसायचो.

पण काडीवरून साल सोलून धुतली आणि आतला वाख हाती आला तेव्हा सगळं विसरले. नुकत्या न्हालेल्या पोरीच्या केसांसारखा तो मऊ आणि लांबसडक होता. मी लगेच दोर वळायला बसले. लेसवर फिरलेली बोटं कामी आली. यांनी बाभळीच्या लाकडाची बाज ठोकली होती. तिच्यावर मी साधी वीण घालणार नव्हते, माझ्या लेसमधली चौकटींची नक्षी उतरवणार होते. बाजेवर लेस! माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं.

त्यातच बाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, निरोप आला. नाताळला येतो, तुमची उत्तरं तयार ठेवा.

बाबा नगरला हेडमास्तर होते. त्यांच्या शाळेत मास्तरची एक जागा रिकामी झाली होती आणि त्यांनी यांचं नाव सुचवलं होतं. पक्की नोकरी, राहायला खोल्या, पोरांबाळांची सोय. रानातलं हे खूळ आता पुरे, असं त्यांचं म्हणणं. मला जायचं नव्हतं. माझी चूल, माझ्या भिंती, चारीचं पाणी वाफ्यात शिरताना होणारा आवाज, यातलं काही सोडायचा विचार आला की मी उठून सारवलेली चूल पुन्हा सारवायला घ्यायचे. यांनाही जायचं नव्हतं. पण हे बाबांचेच विद्यार्थी. मास्तरांपुढं यांच्या तोंडून 'नाही' निघणं या जन्मी शक्य नव्हतं. म्हणजे बोलायचं मलाच. आणि बाबा म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ न जाणारे. जगाला उलट उत्तर देणारी मी त्यांच्यापुढं मांजर व्हायचे.

बाबांना निजायला नवी बाज हवीच, म्हणून आम्ही घाई केली. दोर अजून ओलसर होता. हे म्हणाले, "वाळू द्यावा का?" मी म्हटलं, "बाजेवरच वाळेल की." ते येण्याच्या दिवशी सकाळी शेवटची गाठ मारली, बाज लिंबाखाली ठेवली आणि मी चारी बाजूंनी फिरून फिरून तिच्याकडे पाहिलं.

बाबा बैलगाडीतून उतरले. पांढरं धोतर, लांब कोट, काळी टोपी. पाणी प्यायले आणि पेपर तपासावे तसं घर तपासायला निघाले. चुलीपाशी वाकले. कणगीवर टिचकी मारली. भिंतीवरच्या वेलासमोर थोडे थांबले आणि "हं" म्हणाले. बाबांचं "हं" म्हणजे पास. मला जरा धीर आला. आता त्यांना बाज दाखवायची आणि त्या आनंदातच बोलून टाकायचं, असं मी ठरवलं.

तेवढ्यात ओसरीच्या कोपऱ्यात त्यांना उरलेल्या वाखाचा झुबका दिसला. त्यांनी तो उचलला, बोटांवर फिरवला आणि एकदम खाली टाकला.

"दोर कुणी वळला?"

"मी!" मी फुशारकीनं तळवे पुढं केले. त्यांवर फोड आले होते.

बाबांचा चेहरा उतरला. रागावले असते तर मी समजू शकले असते. पण ते मार खाल्ल्यासारखे दिसत होते.

"माझे वडील गावाचे दोर वळायचे," ते म्हणाले. "त्यांचे वडीलही. गावकुसाबाहेर आमची घरं. मोटेचे नाडे, बैलांची दावी, सगळं आमच्याकडे. नको म्हणायची सोय नव्हती. दोर पाटलाच्या दारात ठेवायचा आणि लांब जाऊन उभं राहायचं. मग भाकरी वरून पदरात पडायची. मी लहान होतो, वडिलांच्या धोतराला धरून उभा असायचो. हे हातातून सुटावं म्हणून त्यांनी मला मिशनच्या शाळेत घातलं. आणि मी तुला शिकवली ती तू पुन्हा हेच करावंस म्हणून?"

आजोबा काय करायचे हे आम्हा भावंडांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. 'गावाकडे असायचे,' एवढंच. माझ्या हौसेचा दोर कुठून कुठवर गेला होता ते मला त्या क्षणी कळलं, आणि पुढं केलेले तळवे मी मागं घेतले. हे तर खांबाला चिकटून उभे.

"नोकरीचं आता ठरवून टाकू," बाबा म्हणाले, तरातरा अंगणात गेले आणि बाजेवर बसले.

बाज खाली गेली. गेली म्हणजे गेलीच. माझी नक्षी पोत्यासारखी सैल झाली, बाबा मधोमध खड्ड्यात, गुडघे कानांपाशी, टोपी डोळ्यांवर. उठायला जावं तो आणखी रुतावं. हे धावले, एक हात यांनी धरला, एक मी, आणि "ओढू नका, ओढू नका, धोतर अडकलंय!" असं हेडमास्तर ओरडत असताना आम्ही त्यांना बाहेर काढलं. मला हसू आवरेना. वेळ कसली, प्रसंग कसला, सगळं समजत होतं तरी आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते.

बाबांनी टोपी सारखी केली. मला वाटलं, आता गाडी जुंपायला सांगतात. पण ते वाकले, अंगठ्यानं दोर दाबून पाहिला, पेड उलगडून पीळ पाहिला.

"दोर ताणला होता का?"

"ताणायचा असतो?" मी विचारलं.

मुळाक्षरं न येणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ओल्या दोराची बाज विणतं का कुणी!" असं म्हणून त्यांनी कोट काढला, लिंबाच्या फांदीला अडकवला आणि माझी सगळी वीण सरासरा उकलायला घेतली.

"बाबा, माझी नक्षी!"

"नक्षी कुठं पळून जात नाही. आधी दोर."

दोराचं एक टोक लिंबाला बांधलं, दुसरं गाडीच्या चाकाला. पाणी मारलं, मध्ये दांडका घालून पीळ भरला, गोणपाटाच्या तुकड्यानं घासून वरची कुसळं काढली. यांना एका टोकाला उभं केलं, मला दुसऱ्या. जिथं माझा पीळ कच्चा होता तिथं दोर तोडून बाबांनी स्वतः नवा वळला. वाख त्यांच्या तळहातांमध्ये शिरायचा आणि सरळ दोर होऊनच बाहेर पडायचा. किती वर्षांत त्यांनी याला हात लावला नसेल, देव जाणे, पण हात काही विसरले नव्हते.

आमच्या घरी कुणी 'हाय', 'न्हाई' म्हटलं की बाबा थांबवून 'आहे', 'नाही' म्हणून घ्यायचे. तेच बाबा आता ओरडत होते, "आवळ, आवळ आजून! लई सैल सोडतीस. जावईबापू, तुमी झोपला का काय? हां, आता कसं झालं!" कपाळावर घाम, बाह्या वर केलेल्या, आणि तोंडानं कसलंसं जुनं गाणं गुणगुणणं चाललेलं. बाबांना मी इतकं खुशीत कधीच बघितलं नव्हतं. मला त्यांचा फार लोभ वाटला. शाळेतल्या खुर्चीवरच्या बाबांचा कधी वाटला नव्हता इतका.

ऊन उतरेपर्यंत दोर वाळला आणि आम्ही बाज पुन्हा विणायला बसलो. ते ओढून द्यायचे, मी नक्षी घालायचे. मान वर न करता मी बोलले. "बाबा, आम्हाला इथंच राहायचं आहे."

त्यांचे हात थांबले. "दोर वळत?"

"दोर वळत. पण आमच्या बाजेला. कुणाच्या दारात ठेवून लांब उभं राहायला नाही."

त्यांनी हातातला दोर आवळून दिला. मग म्हणाले, "पुढची चौकट धर, चुकशील." एवढंच. 'हो' म्हणाले नाहीत की 'नाही' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाताळ. उपासना करून घरी आलो. गुळाच्या करंज्या केल्या होत्या, शेव होती. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं हळूहळू यायला लागली. बाबा कोट-टोपी घालून बाजेवर ताठ बसले होते, पुन्हा हेडमास्तर झाले होते. नोकरीचा विषय निघाला नव्हता, आणि तो केव्हाही निघेल म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

म्हातारबाबा आले. माणूस जीव लावणारा, पण आमच्याकडे आला की अंगणातल्या दगडावर टेकायचा. आम्ही घोंगडी अंथरली तरी तिच्यावर कधी बसला नव्हता. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. आताही ते दगडाकडे निघाले होते, पण वाटेत बाजेपाशी थबकले. वीण तळहातानं दाबून बघितली, दोरावरून बोट फिरवलं.

"ह्यो दोर कुनी वळला? आसा वळ आताशा बघाया मिळत न्हाई."

सगळ्यांनी बाजेकडे माना वळवल्या. यांचा चेहरा पडला. मला दिसत होतं, हे आता 'बाजारातून आणला' म्हणणार, मास्तरांची लाज राखायला. मी करंज्यांचं ताट घेऊन पुढं झाले.

"मी वळला," बाबा मोठ्यानं म्हणाले, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. "माझे वडील गावाचे दोर वळायचे. आमच्या घरचंच काम आहे हे. माझ्या लेकीला अजून नीट येत नाही, पण शिकेल. ती दोघं इथंच राहणार आहेत. शाळेला मी दुसरा मास्तर बघायला सांगतो."

माझ्या डोळ्यांना धार लागली. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशीच उभी राहिले.

म्हातारबाबांनी एकदा बाबांकडे बघितलं, एकदा दगडाकडे. मग खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"मंग सरका की मास्तर वाईच," ते म्हणाले.

बाबा सरकले, आणि म्हातारबाबा त्यांच्या शेजारी बाजेवर बसले.