गाडी चालू करून न पाहणारं गिऱ्हाईक

मागच्या महिन्यात मूर्तिजापूरच्या अलीकडं आमच्या बुढीनं, म्हणजे बायकोनं, मले भर रस्त्यात सोडून दिलं. गाडी बंद पडली होती... नेहमीसारखी. मी बोनेट उघडून पाहून राहिलो, तवर ही अमरावतीच्या एसटीले हात दाखवून चढली पण.

खिडकीतून म्हणे, "अवो, तुमी या मागून. पोरीनं तिकडं ताटं वाढले असतीन."

संध्याकाळी अमरावतीले पोरीच्या घरी पोहोचलो तं जवायासमोर एकच वाक्य बोलली. "मी आता त्या गाडीत बसत नाही." बुढी ओरडते तवा मी घाबरत नाही. हळू बोलली का समजाचं, निकाल लागला.

ही गाडी मी अकोल्यातल्या माह्या पीठगिरणीच्या भरवशावर घेतली होती. पोरगी याच गाडीत सासरी गेली, जवायानं कोट घालून धक्का मारला. बिघडते म्हणून कोणी घरचं माणूस टाकून देते का? पण दोघांनी संग फिरावं म्हणून घेतलेली गाडी, अन् त्यात मी एकटाच फिरून राहिलो तं काय मतलब... म्हटलं, इकून टाकू.

जवायानं मोबाईलवर फोटो टाकले. अकोल्यात घरी गिऱ्हाईक येऊ लागले. एकानं टायरले लाथ मारून पाहिली. एकानं एव्हरेज विचारलं. म्हटलं, पेट्रोलचं सांगू का धक्क्याचं? तो चहा न पिता गेला.

मग हिवरखेडचे इंगळेभाऊ आले. माह्याच वयाचा माणूस, हातात कापडाची पिशवी. गाडीले एक चक्कर मारली, चारी दारं उघडून लावून पाहिले, पत्र्यावर टिचक्या मारल्या. अन् म्हणे, "घेतो."

"चालू करून पाहा ना."

"नाही लागत."

इंजिन पाहिलं नाही. भाव पण केला नाही. आमच्या वऱ्हाडात माणूस सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीचा भाव करते, अन् हा गाडीचा करत नाही... माहं डोकं फिरलं. चोरीच्या धंद्यातला तं नसन? माही नंबर प्लेट काढून दुसऱ्या गाडीले लावन, अन् उद्या पोलीस माह्या दारात.

चहा पाजता पाजता विचारलं, घरी गाडी आहे का. "आहे," म्हणे. मग ही काहून पाहिजे? माणूस कपात पाहून राहिला. "पाहिजे."

स्वयंपाकघरातून बुढी म्हणे, "गाडी इकून राहिले का पोरगी देऊन राहिले?"

तेवढ्यात त्यानं पिशवीतून नवा कोरा दोर काढला. "बाहेर जीप आणली आहे ओढाले. तुमच्या डिक्कीतला दोर तुमी काढून घ्या. मी माहा आणला."

मी गारच झालो. बैल इकला तं दोर देत नाहीत, मालकाच्या घरीच राहते. घेणारा आपला आणते, ही आमच्याकडची रीत. पण ती बैलाची. गाडीले हे कोणं काढलं? अन् माह्या डिक्कीत दोर आहे, हे या माणसाले कोणं सांगतलं?

विचारलंच मी. म्हणे, "फोटोत डिक्की उघडी होती. दोर पार मऊ पडलेला दिसला. ज्या गाडीचा दोर एवढा वापरला, ती चालू करून काय पाहाची?"

"मग बंद गाडीचं काय लोणचं घालता?"

आता तो जरासा खाकरला. "तुमाले वाईट वाटन म्हणून बोललो नाही, भाऊ. माह्याकडं अशीच गाडी आहे. इंजिन चांगलं, पण पत्रा सडला. तुमचीचं अंग चांगलं आहे. दोन गाड्यायची एक करतो... इंजिन तेवढं तुमचं भंगारात जाईन."

मालकासमोर हे कसं बोलाचं, म्हणून माणूस एवढा वेळ गप्प. खरं सांगतो, त्याच्यात काही खोट निघाली असती तं मले बरं वाटलं असतं. गाडी राहिली असती घरी.

बुढी बाहेर आली. "सीटा कोणाच्या ठेवसान?"

"तुमच्याच, वहिनी. आमच्या उंदरानं खाल्ल्या."

ती आत गेली, ओलं फडकं आणलं अन् सीटा पुसाले लागली. कोपरे सुद्धा. मी माहा दोर काढून घेतला, त्यानं आपला बांधला. शेजारच्यानं फोटोले मोबाईल काढला, त्याले म्हटलं ठेव खिशात.

परवा इंगळेभाऊचा फोन आला. हॅलो नाही, रामराम नाही... नुसता इंजिनचा आवाज. एकसारखा, कुठं अडखळत नाही. मी म्हटलं, "ही आमचीच गाडी कशावरून? इंजिन तं तुमचं आहे."

बुढीनं फोन ओढला. "हॉर्न वाजवा जी भाऊ."

वाजवला. सर्दी झालेल्या बोकडासारखा. असा हॉर्न पूर्ण जिल्ह्यात दुसऱ्या गाडीले नाही. बुढीनं अजून एक डाव वाजवाले लावला.

इंगळेभाऊ, तुमी हे वाचून राहिले असान तं सांगतो... गाडी चांगल्या घरी गेली, तुमचे उपकार आहेत. पण आरटीओतलं नाव बदलाचं तेवढं लवकर उरका. पोलीस काही हॉर्न ऐकून माणूस ओळखत नाहीत.